बावीस नंबरची वाट

शिकार-अधिकारी हार्कनेसने भिंतीवरच्या नकाशात सापळे लावायच्या बाविसाव्या वाटेवरचं ‘जॉब ओकीमाव’ हे नाव खोडलं, तेव्हा जॉबची बायको त्याच्या टेबलासमोरच उभी होती. तिच्या मागे सापळ्यांच्या परवान्यासाठी वीसेक जणांची रांग. सप्टेंबर संपत आला होता आणि सकाळी तळ्याच्या काठावर बर्फाची साय धरू लागली होती.

"जॉब गेला त्याचं वाईट वाटतं, मिसेस ओकीमाव," तो म्हणाला. "पण ही वाट आता मोकळी झाली. दक्षिणेकडच्या एका माणसाने मागितलीय."

"मोकळी कशी? मी आहे ना," मटिल्डा म्हणाली.

त्याने नियमांचं पुस्तक तिच्याकडे फिरवलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही हे आठवून परत स्वतःकडे ओढलं. परवाना असलेला माणूस वारला, तर वाट त्याच्या नातलगाला मिळते. पण त्या नातलगाने त्या वाटेवर निदान पाच हंगाम स्वतः सापळे लावलेले हवेत.

"तुमच्या घरात असं कोणी नाही," तो म्हणाला. मग त्याने आवाज उतरवला. "आणि दवाखान्यातून कागद आलाय. जॉबला सात वर्षं डोळ्यांनी दिसत नव्हतं. मग दर वर्षी मी ज्या कातड्यांवर शिक्के मारले ती कोणाची, हे मी विचारत नाहीये. माणूस गेला, विषय संपला."

"विचार की."

"काय?"

"कातडी कोणाची, ते विचार."

हार्कनेसने तिच्या मागच्या रांगेकडे नजर टाकली.

"माझी," मटिल्डा म्हणाली. "बीव्हर, मिंक, पाणमांजरं, सगळी. बर्फाला भोकं मी पाडली, सापळे मी लावले, सोलून ताणून वाळवली मी. जॉबचा हात धरून तुझ्या या टेबलापर्यंतही मीच आणायचे. परवाना त्याच्या नावावर, म्हणून शिक्का त्यालाच मारून मिळायचा ना."

हार्कनेसने पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता. नऊ वर्षं या वस्तीत काढली होती, मटिल्डाच्या हातचे धुरावलेले मासे कितीदा खाल्ले होते.

"हे बघा, परवान्याशिवाय एक सापळा लावला तरी गुन्हा होतो. सात वर्षं म्हणजे सगळे सापळे जप्त. तुरुंगसुद्धा होऊ शकतो. मी काही ऐकलेलं नाही. तुम्ही घरी जा."

"ऐकलं नाही कसं? कान चांगले तिखट आहेत तुझे. परवा माझी कुत्री जरा भुंकली, तर तक्रार घेऊन दारात आला होतास."

रांगेत हसू फुटलं. म्हातारा आयझाया मागून म्हणाला, "लिही की साहेब. म्हातारी पहिल्यांदाच काहीतरी मागतेय सरकारकडे."

मटिल्डा हसली नाही. हार्कनेसच्या दयेचा अर्थ तिला नीट कळत होता. त्याने ऐकलं नाही, तर तिने सात वर्षं काही केलंच नव्हतं.

"लिही," ती म्हणाली. "माझं नाव लिही, वाटेचा नंबर लिही, गुन्हा लिही. एकही हंगाम गाळू नकोस."

तो लिहायला लागला. कुठे कुठे सापळे लावले, असं त्याने विचारलं आणि ती ओढ्यामागून ओढा सांगत गेली. कुठे बीव्हरची किती घरं, कोणत्या घरातून किती घेतले. प्रत्येक घरात जोडी मागे ठेवलेली. एक ओढा तर वर्षाआड विश्रांतीला सोडलेला. एवढं त्याच्या पुस्तकातही नव्हतं. पहिला कागद भरला, त्याने दुसरा घेतला. खाली त्याने सही केली, तिने तिच्या लोकांच्या क्री लिपीत आपलं नाव काढलं.

आपली प्रत तिने उचलली, घडी न घालता परत टेबलावर ठेवली.

"आता वाटेचा अर्ज काढ. काम केल्याचा पुरावा मागशील, तो हा. खाली तुझीच सही आहे."

हार्कनेसने खालची आपली सही पाहिली. मग त्याने खण उघडला आणि कोरा अर्ज बाहेर काढला. "कोर्टाने हे हंगाम तुमचेच धरले, तरच वाट मिळेल," तो म्हणाला.

कोर्ट जानेवारीत आलं, दर वर्षीसारखंच छोट्या विमानातून, आणि शाळेच्या खोलीत बसलं. मटिल्डाचे सगळे सापळे जप्त झाले. तुरुंग झाला नाही. त्याच दुपारी हार्कनेसने नकाशातल्या बाविसाव्या वाटेवर तिचं नाव शाईने लिहिलं, आणि आयझायाने तिला स्वतःचे बारा सापळे आणून दिले.

पण त्याआधी, ऐन कोर्टात, सगळं हातचं जाणार असं हार्कनेसला वाटलं होतं. न्यायाधीशाने कागद वाचून विचारलं, "सात हंगाम परवान्याशिवाय सापळे लावलेत. कबूल आहे?"

"नाही," मटिल्डा म्हणाली.

हार्कनेस खुर्चीतून अर्धा उठला.

"सात नाही, चौतीस. ती वाट माझ्या आईची. सरकारची वाटांची नोंदवही आली तेव्हा साहेब म्हणाला, पुरुषाचं नाव सांग. म्हणून जॉबचं सांगितलं. त्याच्याने तर ससासुद्धा मारवत नव्हता. तो तंबूत बसून भाकरी भाजायचा, आणि फार चांगली भाजायचा. चौतीस लिहा."