बाभळींपलीकडचं तळं

घोडीनं पाऊल उचललं, तसा गजानन भोइट्यांचा उजवा पाय आपसूक ब्रेक शोधू लागला. एसटीच्या ड्रायव्हरकीतून निवृत्त झाल्यावर, लहानपणची राहिलेली हौस म्हणून ते घोडेस्वारी शिकत होते.

शिकवणाऱ्या तेजस्विनीनं आज त्यांना पहिल्यांदाच मैदानाबाहेर, रस्त्यावर काढलं होतं. याच रस्त्यावर गजाननरावांनी वर्षानुवर्षं गाडी चालवली होती. खड्डा दिसला की ते लगाम ओढत आणि घोडी वैतागून मान झटके.

“काका, वाट ती बघतेय. हात सैल सोडा,” शेजारच्या घोड्यावरून तेजस्विनी म्हणाली.

“आणि पडलो तर?”

“तिला तरी कुठं पडायचंय?”

त्यांनी भीतभीत लगाम सैल सोडला. पुढचा खड्डा घोडीनं अलगद चुकवला. गजाननरावांचे आखडलेले खांदे मोकळे झाले आणि त्यांनी सहज बाजूला पाहिलं. बाभळींपलीकडं केवढं तरी पाणी चमकत होतं.

“हे तळं कधी झालं?”

तेजस्विनी हसली. “काका, मी लहानपणी यातच पोहायला शिकले.”

गजाननरावांनी घोडी थांबवली.

“जरा बघू दे,” ते म्हणाले. “आज कुणाला वेळेवर पोचवायचं नाही.”