हट्टी काटा

स्मोकीच्या डोंगरांत तीन दिवस मोटरसायकलींवरून भटकायचं आणि बायका घरी, असं डेलबर्टने मित्रांशी ठरवून टाकलं होतं. मोटरसायकलवरच्या रेडिओची अँटेना तेवढी जुळवायची राहिली होती. सकाळपासून तो तिची दांडी केसभर खाली-वर करत होता, पण जुळणी दाखवणाऱ्या मीटरचा काटा लाल पट्ट्यातून हिरव्यात येईना.

"मीटर धरून उभं राहून पाय मोडले माझे," म्हणत बायको आर्लीन मागच्या सीटवर टेकली. काटा सरळ हिरव्यात! ती उतरली की पुन्हा लाल. चारदा पाहिलं, तेच.

शेवटी तिला बसवूनच त्याने सहलीला येणाऱ्या मित्राला, वेंडेलला, रेडिओवर हाक दिली.

"खणखणीत येतोय आवाज! काय जादू केलीस, लेका?"

आर्लीनने माइक हिसकावला.

"भाऊजी, अँटेना बोलतेय. थंडीचे कपडे घेऊ ना?"