टक्क

गोल्फचा क्लब पुन्हा जमिनीत घुसला. भद्द आवाज झाला, मॅटचा कोपरा उचकटला आणि चेंडू जेमतेम बांधापर्यंत घरंगळत गेला.

अनुपमा शेडच्या खांबाला टेकून उभी होती. सासऱ्यांना चहा द्यायचा आणि लगेच माघारी फिरायचं, असं ती रोज ठरवायची. रोज तिचे पाय तिथंच अडकायचे. कारण सर्जेराव चेंडूसमोर उभे राहिले की त्यांच्या जागी विक्रम दिसायचा. डावं पाऊल किंचित बाहेर वळलेलं, हात खाली सैल सोडलेले, मान अशी झुकलेली की जणू चेंडूच्या कानात काही सांगायचंय. पाठमोरा, हुबेहूब. मग क्लब वर जायचा, खाली यायचा आणि चेंडूला लागायच्या क्षणी विक्रम नाहीसा व्हायचा. उरायचे ते आवाजानं दचकलेले, लेंग्यातले म्हातारे सर्जेराव. तिचा नवरा रोज दुपारी असा परत यायचा आणि तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा जायचा.

विक्रमला हा खेळ लागला रांजणगावला कंपनीत असताना, एका कोरियन साहेबाच्या नादानं. पुढं नोकरी सोडून त्यानं भांडगावात हायवेलगतच्या घरच्या रानात सरावाचं मैदान काढलं. ऊस मोडून गवत लावतोय म्हणून सर्जेराव वर्षभर त्याच्याशी धड बोलले नव्हते. निमोण्याहून लग्न होऊन आलेल्या अनुपमाला त्यानंच शिकवलं. इतकं, की रविवारी येणारे साहेबलोक आपला खेळ थांबवून तिचा फटका बघायचे.

गेल्या दिवाळीनंतर दौंडहून येताना त्याची गाडी उलटली आणि तो जागीच गेला. मैदान बंद पडलं. अनुपमानं क्लबला हात लावला नाही. आणि सासूबाईंनी, मुक्ताबाईंनी बोलणंच सोडलं. वाढलं तर खायच्या, उठवलं तर उठायच्या. बाकी दिवसभर खिडकीत बसून असायच्या. पुण्याचे डॉक्टर झाले, देवऋषी झाला. शब्द फुटला नाही.

आणि मग एके दिवशी सर्जेरावांनीच क्लब उचलला. भावकी म्हणाली, म्हाताऱ्याला पोराचं वारं लागलं.

"आबा, बास करा आता. कंबर धरंल," अनुपमा म्हणाली.

सर्जेराव वळले. "पोरी, खरं सांग. उभा त्याच्यावानीच राहतोय ना मी?"

तिनं मान डोलावली. "हो."

"पाय तसंच, हात तसंच. क्लबबी त्याचाच. मग लागतंय का न्हाई तसं?"

या खेळाबद्दल ती इतक्या महिन्यांत चकार शब्द बोलली नव्हती. पण आता बोलली.

"उभं राहताना क्लब जिथं असतो ना आबा, तिथं तो चेंडूला लागताना नसतो. सगळ्यांना वाटतं, जिथनं उचलला तिथंच आणून सोडायचा. पण तोवर अंग पुढं गेलेलं असतं. वजन डाव्या पायावर, कंबर समोर वळलेली, हात चेंडूच्या पुढं, दांडा पुढं कललेला. तुम्ही त्याच जागी परत यायला बघता, म्हणून तो मातीत घुसतो." तिचा आवाज बारीक झाला. "परत तिथं येताच येत नाही."

सर्जेरावांनी क्लब तिच्यापुढं धरला. "मार."

"नको आबा."

"माझ्यासाठी न्हाई म्हणत." त्यांनी घराकडं पाहिलं. "ही त्याच्या फटक्याच्या आवाजावर दिस काढायची. टक्क ऐकू आलं की च्या ठेवायची. म्हटलं, एकदा तसा आवाज निघाला तर बोलंल. त्याला हाक मारंल. पर ह्या हातातनं त्यो निघंना."

अनुपमानं हात मागं घेतला. "आणि आईंनी खरंच विक्रम म्हणून हाक मारली तर?"

"मारू दे," सर्जेराव म्हणाले. "मी ओ देईन."

तिनं क्लब घेतला. मुठीचं रबर विक्रमच्या अंगठ्यानं झिजलेलं होतं; तिचा अंगठा त्या खळग्यात बसेना. तिनं मूठ थोडी खाली धरली आणि पाय आपल्या सवयीनं रोवले. आता तो आपल्याही अंगात येईल, या भीतीनं तिनं श्वास रोखला. क्लब वर गेला, खाली आला.

टक्क.

चेंडू बांधावरच्या बाभळीवरून निघून गेला. रानात एकदम सामसूम झाली. हायवेवरून एक टँकर घरघरत गेला, तेवढंच. घराच्या खिडकीत पदर हलला. मुक्ताबाई गज धरून उभ्या राहिल्या होत्या. ओठ हलत होते. सर्जेरावांनी ओ द्यायला तोंड उघडलं.

"त्याचा न्हाई ह्यो," मुक्ताबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "अनू, तुझा हाय. किती वाट बघाय लावलीस गं!"