दोघांची गाडी

"बाईसाहेबांनीही नाव नोंदवलं म्हणे," न्हावी फर्मी म्हणाला. वस्तरा ओरिओलच्या गळ्यावर होता.

"कशाला?"

"त्या नव्या सरकारी गाडीसाठी. माझ्या मेव्हण्यानं रांगेत पाहिलं त्यांना. गाडीवाल्याच्या बायकोलाच नवऱ्याची गाडी नको, तर आम्ही का घ्यावी, सांगा."

अर्धी दाढी तशीच ठेवून ओरिओल उठला आणि तडक घराकडे निघाला.

बार्सिलोनात त्याचा छोटासा कारखाना होता. वडील तिथे माग दुरुस्त करायचे. ओरिओलनं मोटारी बनवायला घेतल्या. मोटरसायकलचं इंजिन, पत्र्याचं हलकं अंग. नाव पिन्सा, म्हणजे एक चिमुकला पक्षी. दोन वर्षं गाडी बरी खपली. मग सरकारी गाडी आली आणि गिऱ्हाईक आटलं. ओरिओलला झोप लागेना. त्यानं दिवे बदलले, रंग बदलले, छत बदललं. कामगारांवर उगाच खेकसायचा. भेटेल त्याला विचारायचा, "काय कमी आहे हिच्यात?" लोक खांदे उडवायचे.

त्याची बायको रेमेई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती.

"तू रांगेत गेली होतीस?"

"गेले होते."

"नऊ वर्षं संसार केलास आणि शेवटी तूच उलटलीस? मग तूच सांग, काय कमी आहे माझ्या गाडीत?"

रेमेईनं हात पुसले. "जागा. दोघंच बसतात तिच्यात."

"मग? आपण दोघंच तर आहोत."

"डिसेंबरात तिघं होऊ. आधी सांगायचा धीर झाला नाही, ओरिओल. मागच्या दोन्ही वेळी तुला रडताना पाहिलंय मी."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. गालावरचा साबण वाळत होता. मग त्यानं खाली बसून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यानं पिन्साच्या सीटमागे पुन्हापुन्हा माप लावून पाहिलं. तिथे इंजिन होतं. जागा निघण्यासारखी नव्हती.

हिवाळ्याआधी शेवटची पिन्सा बाहेर पडली. कामगारांना त्यानं ओळखीच्या कारखान्यांत चिकटवून दिलं. मग एका सकाळी तो सरकारी गाडीच्या दुकानात शिरला. विक्रेत्यानं त्याला लगेच ओळखलं.

"या, या, सेन्योर ओरिओल. नक्कल करायला आलात वाटतं?"

"नाही," ओरिओल म्हणाला. "जरा मागची सीट दाखवा."