सातवी काच

"डोळे आहेत की शर्टाची बटणं?" थोरलीने धाकटीला कोपराने ढकलून सूक्ष्मदर्शक स्वतःकडे ओढला. "म्हणे जंतू! रंगाचा डाग आहे तो."

मधलीने मान खुपसली. "डागच. पण शेजारच्या पेशीत जंतू आहे. दोघींनाही दिसला नाही. धन्य आहात!"

रक्ताच्या काचा तपासणाऱ्या त्या खोलीत नऊ वर्षं हेच चाललं होतं. तिघींचं एकमेकींशी काही नातं नव्हतं, तरी अख्खी प्रयोगशाळा त्यांना जावाच म्हणायची. एकीने अहवाल लिहिला की दुसरी तो खोडायला टपलेलीच असायची. डबेसुद्धा त्या पाठ फिरवून खात.

नव्या साहेबांना तिघींतली एक जागा कमी करायची होती. नऊ वर्षांत इथून एकही चुकीचा अहवाल गेला नव्हता. तेव्हा काम नेमकं कोण करतं आणि भांडतं कोण, एवढंच शोधायचं होतं. त्यांनी तिघींना तीन खोल्यांत बसवलं. उत्तरं आधीच ठाऊक असलेल्या त्याच वीस काचा प्रत्येकीला पाळीपाळीने दिल्या. जिच्या चुका जास्त, ती घरी.

"कपाट आवरायला घे," आत जाताना थोरली धाकटीला म्हणाली. धाकटीच्या घरात कमावणारी ती एकटीच होती.

दिवसभर प्रयोगशाळेत कधी नव्हती एवढी शांतता होती.

संध्याकाळी तिघी साहेबांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. थोरलीच्या सहा काचा चुकल्या होत्या. मधलीच्या पाच. धाकटीच्या सात. साहेबांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पुन्हा पाहिले. दोघींची चुकलेली अशी एकही काच नव्हती.

"मग इतकी वर्षं बरोबर अहवाल देत कोण होतं?"

साहेबांनी सुस्कारा सोडला, पत्र पुढे ओढलं आणि धाकटीचं नाव लिहायला घेतलं.

थोरलीची नजर मात्र धाकटीच्या कागदावर खिळली होती. तिला राहवलं नाही. "सातवी कशी गं चुकलीस, आंधळे? डाग होता तो! असले डाग कसे दिसतात ते कालच घसा फोडून सांगितलं ना?"

साहेबांचं पेन अर्ध्या नावावर थांबलं.

"आणि आज?" धाकटी तिच्यावर खेकसली. "आज ओरडायला कुठे होतात तुम्ही?"