धरायचं काम

खोक्याचं झाकण उघडायच्या आधीच बाबाने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला होता.

"आत ठेव तो," आई म्हणाली.

"अगं, नुसता जवळ असू दे म्हटलं."

त्याचं हे जवळ असू देणं घरात सगळ्यांना पुरेपूर ठाऊक होतं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. सुटा स्क्रू दिसला की त्याचे हात शिवशिवायला लागत. मुलींसाठी आणलेला प्रत्येक संच तो 'फक्त सुरुवात करून देतो' म्हणून हातात घ्यायचा आणि पूर्ण झाल्यावरच खाली ठेवायचा. फळीवर पवनचक्की होती, दुर्बीण होती, टाळ्या वाजवणारा जोकर होता. सगळं अगदी दृष्ट लागण्यासारखं. मोडेल म्हणून त्यांना हात लावायचा नाही, हा नियमही त्याचाच.

आईने लोकरीची लडी आणली. "हात पुढे कर."

"आत्ता?"

"आत्ताच. गुंडा करायचाय."

लडी त्याच्या दोन्ही पंजांवर चढली. आईने टोक शोधलं, समोर स्टुलावर बसली आणि गुंडाळता गुंडाळता हळूच म्हणाली, "काल बाई भेटल्या होत्या. वर्गात त्यांनी विचारलं, घरी तुम्ही काय काय बनवता? आपली थोरली म्हणाली, बाबा बनवतो, मी धरते."

बाबा हसला. मग त्याला कळलं की आई हसत नाहीये. ते चार शब्द त्याच्या फार जिव्हारी लागले.

इकडे फरशीवर दोघी बहिणींनी खोकं उपडं केलं होतं. पुठ्ठ्याचा ट्रक, चार चाकं, त्यांच्या दांड्या, छोटी मोटर, एक रबरबँड, लाल वायर, काळी वायर आणि चिकटवायला दोन मोठे डोळे. धाकटीने सेल फ्रॉकच्या ओच्यात घेतले आणि खजिन्यावर बसावं तशी बसली. थोरलीने चाक उचललं आणि सवयीने बाबापुढे धरलं.

"बाबा, हे घे."

बाबाचे हात पुढे सरकले. लोकर ताणली गेली.

"बाबाचे हात अडकलेत," आई म्हणाली.

"मग कोण करणार?"

थोरलीचा खालचा ओठ बाहेर आला. आता ही रडणार, असं बाबाला वाटलं. रडली असती तर त्याने लोकरीसकट उडी घेतली असती. पण तिने चाकाकडे पाहिलं, दांडीकडे पाहिलं आणि दांडी चाकात खुपसली. वाकडी बसली. काढली, पुन्हा खुपसली.

पुढचा वेळ बाबाला फार जड गेला. टेप बोटांना चिकटली, बोटं केसांना चिकटली. रबरबँड उडून धाकटीच्या कपाळावर बसला आणि दोघी पोट धरून हसल्या. मोटर तिरपी लागली. बाबाचा जीव नुसता खालीवर होत होता.

"मी एक सांगू?" शेवटी त्याला राहवलं नाही.

"नको," थोरली म्हणाली. मान वर न करता.

आईने गुंडा फिरवणं क्षणभर थांबवलं आणि पुन्हा सुरू केलं.

डोळे पुढे चिकटले. धाकटीने मोठ्या मनाने सेल दिले. थोरलीने बटण दाबलं. ट्रक घर्र करून निघाला, पण मागे. डोळे पुढे बघताहेत आणि ट्रक आपला मागे मागे जातोय.

"अगं, वायर उल...!"

आईने लोकरीला हिसका दिला. बाबाने उरलेलं वाक्य गिळलं. गिळताना त्याचे डोळे पांढरे झाले.

थोरलीने ट्रक पकडला, बंद केला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग नखाने दोन्ही डोळे सोलून काढले. एकाचा कोपरा फाटला. तिने ट्रक फिरवला आणि डोळे मागच्या बाजूला चिकटवले.

"आता ते पुढे झालं," ती म्हणाली.

बाबा आ वासून बघत राहिला. इतक्या लिफ्ट त्याने वरखाली केल्या होत्या, पण हे त्याला जन्मात सुचलं नसतं.

बटण दाबलं. ट्रक निघाला. एक डोळा मिचकावत, थोडा डावीकडे झुकत, खुर्चीला चाटून थेट पलंगाखाली शिरला. अंधारात घर्र... घर्र... आणि मग काहीच नाही. धाकटीने बहिणीचा हात घट्ट पकडला. मग पुन्हा घर्र सुरू झालं आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूने ट्रक बाहेर आला. त्याच्या नाकावर कधीपासून हरवलेला मोजा होता.

"आली! आली! आपली गाडी आली!" धाकटी गिरक्या घेत ओरडायला लागली. थोरली ओरडली नाही. ती कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"ताई, फळीवर ठेवायची?"

"वेडी आहेस का? चालवायची!"

आरडाओरडा ऐकून शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "अगंबाई, ट्रक! बाबाने केला वाटतं?"

"मी केला," थोरली म्हणाली.

"हो का? आणि बाबाने काय केलं मग?"

थोरलीने वळून बाबाकडे पाहिलं.

"त्याने धरलं."

काकूंनी पाहिलं. लोकरीचा गुंडा केव्हाच पूर्ण होऊन आईच्या मांडीवर पडला होता. बाबा मात्र दोन्ही रिकामे हात तसेच पुढे धरून बसला होता.