मापाचा दोरा

साखरपुड्याच्या अंगठीसाठी फैजपूरहून मुलीच्या बोटाच्या मापाचा दोरा पाकिटातून आला. मी भुसावळला रेल्वेत फिटर होतो. अर्ध्या तोळ्यापुरते पैसे माझ्याजवळ होते. पण आबा म्हणाले, "लगीनसराई सरू दे, मंग भाव उतरी."

मी दोन महिने थांबलो. आषाढ लागला आणि भाव खरंच उतरला. जळगावच्या सराफाकडे निघायच्या आदल्या दिवशी तिच्या वडिलांचं पत्र आलं. "तुमच्याकडून काहीच हालचाल दिसेना, म्हणून मुलीचं धुळ्याला जमवलं. परक्या घरच्या सुनेचं माप तुमच्याकडे राहायला नको. दोरा परत पाठवा."

दोरा मी त्याच दिवशी टपालात टाकला. आईच्या रिळातून, तेवढ्याच मापाचा कापून.